अरब स्त्रियांचं लेखन आणि इस्लाम: सोलापुरात बसून अभ्यासायचं तर कोणती पुस्तकं, कोणत्या आवृत्त्या

अरब स्त्रियांचं लेखन, लिंगभाव आणि इस्लाम या विषयावर इंग्रजीत पुस्तकांचा दुष्काळ नाही. अडचण वेगळीच आहे. मूळ लेखिका काय म्हणाली आणि लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने ते कसं बांधून विकलं, यात या विषयात फार अंतर पडतं. शीर्षक बदललेलं, प्रकरणं मागेपुढे केलेली, काही सरळ गाळलेली, आणि वर मुखपृष्ठावर डोळ्यांपुरती फट ठेवलेला बुरखा. सोलापुरात एमए, सेट-नेट किंवा पीएचडीसाठी हा विषय घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एकच प्रत लागते, तीही झेरॉक्स. तिच्यात आवृत्तीचं पान नसतं, मागच्या टीपा नसतात, आणि त्यावर अख्खा प्रबंध उभा राहतो. म्हणून इथे परीक्षण पुस्तकांइतकंच आवृत्त्यांचं आहे. ती पुस्तकं इथून मिळवायच्या सोयींबद्दलही पुढे लिहिलं आहे.

एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर लैला अहमद यांचं 'विमेन अँड जेंडर इन इस्लाम' घ्या. येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते १९९२ साली काढलं. २०२१ मध्ये केशिया अली यांच्या प्रस्तावनेसह ते पुन्हा आलं. जुनी प्रत स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या, काम अडत नाही. तीन भाग, अकरा प्रकरणं. पहिला भाग इस्लामपूर्व मेसोपोटेमिया आणि भूमध्य समुद्राकाठचा, दुसरा सातव्या शतकापासून मध्ययुगापर्यंतचा, तिसरा एकोणिसाव्या शतकापासून पुढचा. मांडणी थोडक्यात अशी: इस्लाममध्ये सुरुवातीपासून दोन सूर आहेत. एक नीतीचा, ज्यात स्त्री आणि पुरुष ईश्वरासमोर समान आहेत. दुसरा समाजाची घडी बसवणारा, ज्यात उतरंड आहे. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या राजवटीत, इराकच्या भूमीवर, इस्लामपूर्व इराणच्या सासानी दरबारी चालीरीती आणि दासींचा भरलेला बाजार यांच्या सावलीत धर्मशास्त्र घडत गेलं, तेव्हा दुसऱ्या सुराला कायद्याचं बळ मिळालं आणि पहिला मागे पडला. पडद्याची चाल बायझंटाइन आणि सासानी उच्चवर्गात आधीपासून होती, हे पहिल्या भागात येतं.

वाचताना मात्र पुस्तकाचा क्रम धरू नका. पहिल्या दोन प्रकरणांत हजारो वर्षांचा इतिहास मोजक्या पानांत कोंबलेला आहे. नवखा वाचक तिथेच दमतो आणि पुस्तक कपाटात जातं. सुरुवात आठव्या प्रकरणापासून करा. त्यात लॉर्ड क्रोमर आहे, १८८३ ते १९०७ इजिप्तचा ब्रिटिश कारभारी. इजिप्शियन स्त्रीच्या पडद्याबद्दल तो सतत कळवळा दाखवायचा. त्याच माणसाच्या कारकिर्दीत सरकारी शाळांची फी वाढली आणि मुलींच्या शिक्षणाला खीळ बसली. १८३२ साली सुरू झालेल्या हकीमा शाळेत स्त्रियांना पुरुषांइतकंच वैद्यकीय शिक्षण मिळत असे, ते इंग्रजांच्या काळात सुईणकामापुरतं उरलं. आणि विलायतेत परतल्यावर हेच गृहस्थ स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे पुढारी झाले. दुसऱ्याच्या देशात स्त्रीमुक्ती आणि आपल्या देशात तिला अटकाव, या दुटप्पीपणाला अहमद 'वसाहतवादी स्त्रीवाद' म्हणतात. कासिम अमीन यांचं १८९९ चं 'तहरीर अल-मरआ' हे पुस्तक अरब स्त्रीवादाची सुरुवात मानलं जातं. त्यातली भाषाही याच वसाहती चष्म्यातून आलेली आहे, हा त्यांचा पुढचा मुद्दा. तो अनेकांना झोंबला, अजून झोंबतो. मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला कष्ट पडू नयेत. कॅथरीन मेयोचं १९२७ चं 'मदर इंडिया' आठवा. स्त्रियांचे हाल दाखवून स्वराज्याची लायकी नाकारण्याचं तेच तंत्र.

आठवं झालं की नववं, दहावं, मग तिसरं ते पाचवं, आणि शेवटी पहिली दोन. टीपा पुस्तकाच्या मागे आहेत. प्रकरण झेरॉक्स करताना त्या प्रकरणाच्या टीपाही काढा, नाहीतर कुठलं विधान तबरी या जुन्या अरबी इतिहासकाराच्या आधाराने आहे आणि कुठलं आधुनिक अभ्यासकाच्या, हे कळणार नाही. उणिवाही आहेत. तिसरा भाग अरब जगाचा म्हणून वाचला जातो, पण तो जवळजवळ सगळा इजिप्तचा आहे. मगरिब (मोरोक्को, अल्जेरियाकडचा भाग) आणि आखात त्यात नावापुरते. अब्बासी काळाचं चित्र दरबाराभोवतीच्या साहित्यावर उभं आहे, त्यावरून बगदादच्या विणकराच्या घरात काय चाललं होतं ते ठरवता येत नाही.

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांच्या पुस्तकांत पैसे वाया जाण्याची भीती सगळ्यात जास्त, कारण एकच पुस्तक दोन नावांनी विकलं गेलं आहे. १९८७ चं मूळ फ्रेंच 'ल आरेम पोलितीक'. इंग्रजी अनुवाद मेरी जो लेकलँड यांचा. तो अमेरिकेत 'द व्हेल (Veil, म्हणजे पडदा) अँड द मेल एलीट' या नावाने आला आणि ब्रिटनमध्ये 'विमेन अँड इस्लाम' या नावाने. दोन्ही यादीत दिसली म्हणून दोन्ही मागवू नका. तसंच 'ड्रीम्स ऑफ ट्रेसपास' आणि 'द हॅरेम विदिन' हेही एकच. हे दुसरं पुस्तक १९४० च्या दशकातल्या फेस शहरातल्या बालपणावर आहे आणि वाचायला गोड आहे, पण त्यात कल्पिताचा मोठा भाग आहे. समाजशास्त्राच्या प्रबंधात साक्षीपुरावा म्हणून ते वापरलं तर परीक्षक पहिल्याच तासाला धरतील.

१९८७ च्या पुस्तकाची किंमत त्यातल्या पद्धतीत आहे. 'ज्या लोकांनी आपला कारभार स्त्रीच्या हाती दिला त्यांचं भलं होणार नाही' या आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलं गेलेलं वचन, बुखारीच्या संग्रहात आहे. मर्निसी ती नाकारत बसत नाहीत, तिचा माग काढतात. आधी सांगणारा कोण: अबू बकरा. (पहिले खलिफा अबू बक्र वेगळे. मराठी लिखाणात हे दोघे हमखास एक होतात.) मग मूळ उद्गार कशावरून निघाला: इराणी लोकांनी आपल्या राजाच्या मुलीला गादीवर बसवल्याची बातमी. मग अबू बकरांना ही हदीस आठवली कधी: इसवी सन ६५६ च्या उंटाच्या लढाईत पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचा पराभव झाल्यानंतर, बसऱ्यात, म्हणजे कुठल्या बाजूला उभं राहायचं हा प्रश्न अंगावर आलेला असताना. आणि शेवटी सांगणाऱ्याची पत: व्यभिचाराच्या एका खटल्यात आरोप सिद्ध न झाल्यामुळे खलिफा उमरांनी त्यांना फटके मारवले होते. इमाम मालिक यांनी हदीस स्वीकारायचे जे निकष सांगितले, ते लावले तर हा माणूस बसतो का, असा मर्निसींचा सवाल.

वर्गात शिकवायला याहून चांगला नमुना नाही, पण प्रबंधात एवढंच लिहून थांबू नका. परंपरेतल्या विद्वानांचं उत्तर तयार आहे: पैगंबरांचे सर्व सोबती विश्वासार्ह मानले जातात, आणि न्यायालयातली साक्ष वेगळी, हदीस सांगणं वेगळं. हे उत्तर मांडा, मग त्याला काय म्हणायचं ते म्हणा. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इथे उघड फायदा आहे. हदीस, इस्नाद (सांगणाऱ्यांची साखळी), रावी (सांगणारा) हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. मर्निसींचं आधीचं, १९७५ चं 'बियाँड द व्हेल' हवं असेल तर १९८७ ची सुधारित आवृत्ती पाहा. त्यातली नवी प्रस्तावना मूळ मजकुराइतकीच कामाची आहे.

आता इजिप्तच्या नवाल अल सादवी. सोलापूरच काय, देशभरातल्या इंग्रजी विभागांत सगळ्यात जास्त प्रबंध ज्यांच्यावर दिसतात त्या याच. १९३१ चा जन्म, पेशाने डॉक्टर, १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातांच्या काळात तुरुंगवास, २०२१ मध्ये निधन. 'द हिडन फेस ऑफ ईव्ह' हे त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक १९८० साली झेड या प्रकाशनाने काढलं, अनुवाद त्यांचे पती शरीफ हताता यांचा. मूळ अरबी पुस्तक १९७७ चं. ते अरबी वाचकाशी, अरब समाजाशी घातलेलं भांडण आहे. इंग्रजीत त्याचा चेहरा पालटला. इंग्रजी पुस्तक मुलींच्या सुंतेच्या प्रसंगाने सुरू होतं, त्यामुळे वाचकाच्या मनात पहिल्या पानापासून तोच एक विषय ठाण मांडतो. स्त्रीचं घरकाम आणि समाजवाद यांवरचा मजकूर इंग्रजीत आलाच नाही. डावी, आर्थिक प्रश्न विचारणारी लेखिका मागे गेली आणि आतली बातमी बाहेर फोडणारी बाई पुढे आली. अमाल अमिरे यांनी 'साइन्स' (Signs) या नियतकालिकात २००० साली हा सगळा हिशेब मांडला आहे. सादवींवर काम करताना हा लेख न वाचणं म्हणजे अर्धं पुस्तक न वाचणं. मात्र अमिरेंचा लेख वाचून 'सादवी पाश्चात्त्यांच्या हातचं बाहुलं होत्या' असाही निष्कर्ष काढू नका. इंग्रजी आवृत्तीची प्रस्तावना सादवींनीच लिहिली आहे आणि तिच्यात त्या पाश्चात्त्य वाचकाला चांगलंच सुनावतात.

'वुमन अ‍ॅट पॉइंट झीरो' ही कादंबरी, इंग्रजीत १९८३. कनातिर तुरुंगात फाशीची वाट पाहणारी फिरदौस आणि तिची गोष्ट ऐकणारी मानसोपचारतज्ज्ञ. पुस्तक आकाराने लहान, इंग्रजी सोपं, म्हणून अभ्यासक्रमात लागतं. चूक नेमकी इथेच होते. फिरदौसचं बोलणं थेट 'अरब स्त्रीचा आवाज' म्हणून उतरवलं जातं. ती डॉक्टरच्या लेखणीतून आलेली कथा आहे, चौकटीतली चौकट आहे. निवेदनावर एक प्रकरण लिहिलंत तर प्रबंध इतर पन्नासांपासून वेगळा होईल.

हुदा शारावी यांच्या आठवणी 'हॅरेम इयर्स' नावाने मार्गो बद्रान यांनी १९८६ मध्ये इंग्रजीत आणल्या. अरबी शीर्षकात हॅरेम नाही, त्या सरळ आठवणी आहेत, अरब स्त्रीच्या आधुनिक चळवळीच्या अग्रणीच्या. इंग्रजीत सार्वजनिक कामाचा, राजकारणाचा भाग आटोपता झाला, घरातला भाग ठळक झाला, आणि पुढची हकीकत बद्रान यांनी आपल्या शब्दांत उपसंहारात दिली. मोहजा काहफ यांचा याच वेष्टनावरचा निबंध २००० सालच्या 'गोइंग ग्लोबल' या संग्रहात आहे. एका तपशिलाकडे लक्ष द्या. १९२३ मध्ये रोमच्या मताधिकार परिषदेहून परतल्यावर कैरोच्या स्टेशनावर शारावी आणि सायझा नबरावी यांनी चेहऱ्यावरचा नकाब काढला. डोक्यावरचं वस्त्र तसंच होतं. 'हिजाब फेकला' असं जे स्लाइडवर लिहिलं जातं ते चूक आहे.

पुस्तक घ्यायला पैसेच नसतील तर एक लेख मिळवा: लीला अबू-लुघोद यांचा 'डू मुस्लिम विमेन रिअली नीड सेव्हिंग?', 'अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट', २००२. जेमतेम आठ पानांचा आहे. अफगाणिस्तानवरच्या हल्ल्याला बुरख्यातल्या स्त्रीच्या सुटकेचं निमित्त कसं दिलं गेलं, तिथून तो सुरू होतो. २०१३ चं जवळजवळ त्याच नावाचं पुस्तक लेखाचा विस्तार आहे, लेखाने काम भागतं. त्यांचा खरा ऐवज १९८६ च्या 'व्हेल्ड सेंटिमेंट्स'मध्ये आहे. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या अवलाद अली या बदाऊंमध्ये (बेदुईन टोळीत) राहून त्यांनी स्त्रियांच्या छोट्या गीतांचा अभ्यास केला. चारचौघांत अब्रू आणि संयमाची भाषा बोलणाऱ्या बायका या गीतांत विरह आणि दुखावलेपण बोलून जातात. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या-वाचल्या आहेत त्यांना या पुस्तकात फार शिकवावं लागणार नाही.

सबा महमूद यांचं 'पॉलिटिक्स ऑफ पायटी' (प्रिन्स्टन, २००५) पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला हातात देऊ नका. कैरोच्या मशिदींतल्या स्त्रियांच्या धर्मशिक्षणाच्या चळवळीवरचं ते क्षेत्रकार्य आहे, पण पहिलं प्रकरण फूको आणि बटलर या सिद्धांतकारांशी वाद घालतं आणि ती तयारी नसेल तर डोक्यावरून जातं. मशिदींतले धडे ज्यात प्रत्यक्ष येतात ती मधली प्रकरणं आधी वाचा, मग मागे या. 'महमूद हिजाबाचं समर्थन करतात' हे वाक्य उत्तरपत्रिकांत फार दिसतं. त्यांचा प्रश्न असा आहे की प्रत्येक स्त्रीच्या मनात बंड असतंच, हे स्त्रीवादाने गृहीत का धरावं. समर्थनाशी त्याचा संबंध नाही.

अमिना वदूद यांचं 'कुरआन अँड वुमन' लहान आहे, नेमकं आहे, आणि त्यात आयतींचा संदर्भ, व्याकरण आणि संपूर्ण ग्रंथाची दृष्टी अशा तिन्ही अंगांनी वाचन केलं आहे. पण वदूद अमेरिकन आहेत. सबा महमूद पाकिस्तानी वंशाच्या. उलट १८९२ मध्ये अलेक्झांड्रियातून 'अल-फतात' हे अरबीतलं पहिलं स्त्रियांचं नियतकालिक काढणाऱ्या हिंद नौफल ख्रिस्ती होत्या, मय झियादाही ख्रिस्ती. अल्जेरियाच्या आसिया जेबार फ्रेंचमध्ये लिहीत. तेव्हा विषय नोंदवतानाच 'अरब', 'मुस्लिम', 'अरबी भाषेत लिहिणाऱ्या' यांपैकी कुठला शब्द घेताय ते ठरवा. नोंदणी झाल्यावर शीर्षक बदलायचा अर्ज, समितीची बैठक, सही यांत एक सत्र सहज जातं.

ललित लेखनासाठी पहिला संग्रह 'ओपनिंग द गेट्स', बद्रान आणि मिरियम कूक यांचा, १९९०. जाणीव, नकार आणि कृती अशा तीन भागांत शतकभराचे उतारे आहेत. प्रत्येक उताऱ्याआधी लेखिकेची ओळख आहे. उतारे तुटक आहेत, म्हणून पूर्ण कृती वाचल्याचं समाधान नाही, पण कुणावर काम करावं हे ठरवायला उत्तम. कोण, कुठली, काय लिहिलं याच्या नोंदींसाठी राद्वा आशूर आणि सहसंपादकांचं 'अरब विमेन रायटर्स: अ क्रिटिकल रेफरन्स गाइड, १८७३–१९९९' (कैरोचं अमेरिकन विद्यापीठ, २००८) ग्रंथालयाने घ्यावं, व्यक्तीने नव्हे.

कादंबऱ्यांत लतीफा झय्यात यांची १९६० ची 'द ओपन डोअर' आधी. घरातली मुलगी आणि देशातला स्वातंत्र्याचा लढा एकाच धाग्यात ओवलेली ही कादंबरी आपल्याकडच्या वाचकाला लगेच भिडते. अनुवाद मर्लिन बूथ यांचा. ओमानच्या जोखा अल-हारथी यांची 'सेलेस्टियल बॉडीज' २०१९ चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवणारी अरबीतली पहिली कृती, अनुवाद पुन्हा बूथ यांचाच. कादंबरीत पात्रं पुष्कळ आणि काळ सतत मागेपुढे होतो, वंशावळ जवळ ठेवूनच वाचा. रजा अल-सानिया यांचं 'गर्ल्स ऑफ रियाध' घेणार असाल तर एवढं जाणून घ्या: मूळ अरबी २००५ चं, इंग्रजी २००७ चं. बूथ यांनी केलेल्या अनुवादात लेखिका आणि प्रकाशकाने इतके बदल केले की बूथ यांनी जाहीर हरकत घेतली आणि नंतर त्यावर लेखही लिहिला. या पुस्तकाच्या 'शैली'वर प्रकरण लिहायचं असेल तर ती शैली कुणाची, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

ही पुस्तकं सोलापूरच्या दुकानांत सहसा मांडलेली नसतात, मागवून घ्यावी लागतात. मागवताना दुकानदाराला शीर्षक सांगू नका, आयएसबीएन क्रमांक लिहून द्या. वर सांगितलेले दोन नावांचे घोटाळे तिथेच टळतात.

नियतकालिकांसाठी केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार ई-नियतकालिकं सरकारी संस्थांना तिच्यातून मिळतात. केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस आणि वायली त्यात आहेत. अबू-लुघोद यांचा लेख ज्यात आहे ते 'अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट' वायलीचं, 'जेंडर अँड सोसायटी' सेजचं. पहिला टप्पा सरकारी संस्थांचा असल्याने शहरातल्या खासगी अनुदानित महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी त्यावर विसंबू नये. त्यांनी आपल्या ग्रंथपालांकडून एन-लिस्टचं, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या सोयीचं, लॉगिन मागून घ्यावं. महाविद्यालयाने वर्गणी भरलेली असूनही लॉगिन कुणी मागितलंच नाही, असं फार ठिकाणी चालतं.

'साइन्स' शिकागो विद्यापीठाचं, त्यासाठी जेस्टोर हा लेखांचा ऑनलाइन संग्रह. व्यक्तिगत मोफत खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. पीडीएफ उतरवून घेता येत नाही, म्हणून वाचतानाच टिपणं काढा आणि पृष्ठक्रमांक त्याच क्षणी लिहा. या विषयातल्या कामाला महिन्याला शंभर लेख पुरून उरतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी पुस्तकं तासाभरासाठी उसनी मिळतात, पण अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या खटल्यानंतर तिथून पाच लाखांहून जास्त पुस्तकं उठवली गेली. आज दिसलेलं उद्या दिसेलच असं नाही, लागणारं प्रकरण लगेच वाचून घ्या. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सादवींवरचे भारतीय प्रबंध सापडतील. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. तिच्यात अमिरे नसतील तर बाकीच्या फायली उघडण्यात वेळ घालवू नका.

झेरॉक्सबद्दल एक कायदेशीर गोष्ट. वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकाने निवडलेल्या उताऱ्यांचा गठ्ठा काढायला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या निकालात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार मोकळीक दिली. अख्खं पुस्तक छापून विकणं त्यात बसत नाही.

कॅटलॉगमध्ये शोधताना नावाचे हाल होतात. सादवी हे 'एल', 'अल' आणि 'एस' अशा तिन्ही अक्षरांखाली सापडतात. मर्निसींचं पहिलं नाव कुठे फातिमा, कुठे फातेमा. शारावींच्या नावात मधे उलटं स्वल्पविरामचिन्ह असलं तर यंत्र त्यांना ओळखत नाही. अनुवादकाच्या नावाने शोधा, तो मार्ग जास्त भरवशाचा.

अरबी येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, तर कैरोच्या हिंदावी फाउंडेशनच्या संकेतस्थळासारखी दुसरी सोय नाही. कासिम अमीन, 'बाहिसत अल-बादिया' या टोपणनावाने लिहिणाऱ्या मलक हिफनी नासिफ, झैनब फव्वाझ आणि सादवींची बरीच पुस्तकं तिथे मोफत आहेत, तीही नव्याने टंकलेली, म्हणजे मजकुरात शब्द शोधता येतो. सादवींच्या इंग्रजीत काय गळलं हे तपासायला अनुक्रमणिका शेजारी ठेवली तरी पुष्कळ कळतं. तेवढं अरबी सहा महिन्यांत जमतं. उर्दू वाचणाऱ्याला लिपी येते म्हणून तो निर्धास्त असतो, आणि हान्स वेअरच्या अरबी-इंग्रजी कोशापाशी अडतो. त्यात शब्द पहिल्या अक्षराने लावलेले नाहीत, धातूने लावलेले आहेत. 'मकतबा' हा 'मीम'खाली मिळणार नाही, 'काफ-ते-बे'खाली मिळेल. आधी धातू ओळखायला शिका, मग कोश विकत घ्या.

तुलनेचा विषय हवा असेल तर तो हाताशीच आहे. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची, 'अल-फतात' १८९२ चं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन्हीकडे छापखाना, वसाहती सत्ता आणि सुधारकांची भांडणं एकदम आली. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि धर्मग्रंथांच्या चौकटीबाहेर उभं राहून कायदा मागितला. मर्निसी आणि वदूद चौकटीच्या आत शिरून तिचेच आधार उलगडतात. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरातच झालं, आणि फकरुद्दीन बेन्नूर यांचं लेखन याच शहरातून आलं. ही मराठी बाजू शोधायला हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरुवात करा.

दुसरा विषय विडी कामगार स्त्रियांचा. डेनिझ कांदियोती यांचा १९८८ चा 'बार्गेनिंग विथ पेट्रिआर्की' हा लेख पितृसत्तेशी बायका कशी देवाणघेवाण करतात ते सांगतो: सून म्हणून सोसायचं आणि सासू म्हणून वसूल करायचं. या साच्यात त्या उत्तर आफ्रिका आणि मुस्लिम मध्यपूर्वेबरोबर भारत आणि चीनही घेतात. त्यामुळे प्रश्न धर्माचा की घराच्या रचनेचा, हे तपासता येतं. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी 'अंडर वेस्टर्न आइज' या निबंधात तिसऱ्या जगातल्या स्त्रियांवरच्या झेडच्या पुस्तकांची झडती घेतली, पण नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरच्या मारिया मीस यांच्या अभ्यासाची वाखाणणी केली, कारण त्यात घरबसल्या कामाचा हिशेब ठिकाणासह, तपशिलासह होता. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तसाच हिशेब मांडता येतो: पान-तंबाखू कुणाकडून येते, मोजून परत कोण घेतो, नापास विड्यांचे पैसे कुणाच्या अंगावर पडतात, मजुरी कुणाच्या हातात पडते. तेलुगू बोलणारं घर आणि दखनी बोलणारं घर शेजारी घेऊन तेच प्रश्न विचारा, आणि मुलाखत कुठल्या भाषेत झाली, मधे दुभाषी कोण होती, सासू खोलीत बसलेली होती का, हे प्रत्येक नोंदीच्या वर लिहून ठेवा.